सोडू की अडवू?

३ मार्च, सोमवार

तेवीस वर्षं मी या हॉस्पिटलची टेलिफोन ऑपरेटर होते. "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?" हे इतक्या वेळा म्हटलंय की एकदा झोपेतही म्हणाले, आणि शेजारच्या पलंगावरून आईने उत्तर दिलं, "देवाशी. पण आत्ता नको, ठेव."

शुक्रवारी आमची खोली बंद झाली. आता फोन केला की रेकॉर्ड केलेली बाई बोलते. एक दाबा, दोन दाबा. मला वाटलं होतं, आपल्याला कुठेतरी जुन्या फायली झटकायला बसवतील. पण मोठ्या डॉक्टरांनी (आमचे मुख्य, उंची जेमतेम पाच फूट, मोठेपण हुद्द्याचं) बोलावून सांगितलं, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जा. मेलच्या सुरक्षेत."

"सर, मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही."

"माणसं कळतात ना? मशीन बघायला तिथे एक जण आहे."

तो एक जण म्हणजे हळूराव. हे नाव मी ठेवलंय, आजच, पहिल्या पाच मिनिटांत. फार सज्जन माणूस, पण एक शब्द बोलला की दुसरा येईपर्यंत वाट बघावी लागते. ते "बसा" म्हणाले तोवर मी बसून, पर्स अडकवायला उठून, परत बसले होते.

खोली अरुंद. दोन टेबलं, तीन पडदे, एक पंखा, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. हॉस्पिटलला रोज नऊ हजार मेल येतात म्हणे. त्यातले निम्म्याहून जास्त मशीन दारातूनच हाकलतं. चांगले वाटतात ते आत सोडतं. आणि ज्यांच्याबद्दल त्याचं मन साशंक असतं, असे साधारण ऐंशी मेल रोज एका पेटीत थांबवून ठेवतं. ते माणसाने बघायचे. खाली दोन बटणं. 'सोडा' आणि 'अडवा'.

ती बटणं आता माझी आहेत! तेवीस वर्षं "थांबा, जोडून देते" म्हणणारी मी आता कुणालाही सांगू शकते, "चालते व्हा." घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. गुडघा दुखतोय.

४ मार्च, मंगळवार

आज शिकवणी. हळूराव म्हणाले, पत्राखाली कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतं. म्हणून मशीन आधी विचारतं, हे पत्र ज्या पोस्टातून निघालं, त्या पोस्टाला या माणसाच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी आहे का? मग पत्ता अक्षर न अक्षर तपासतं, कारण चोर एखादाच काना-मात्रा बदलून हुबेहूब पत्ता तयार करतात. आणि मेलला फाइल जोडलेली असेल तर ती आधी एका बंद खोलीत उघडून बघतं. म्हणजे एक खोटा कॉम्प्युटर, ज्यात चोरण्यासारखं काहीच नाही. तिथे फाइल गुपचूप पोखरायला लागली तर तिची रवानगी बाहेर.

मी म्हणाले, "म्हणजे लग्नाआधी स्थळाची चौकशी करतात तसंच की!"

हळूराव लाल झाले. उठून पंखा वाढवला. खोलीत तसं उकडत होतंच.

घरी आईला हे सगळं सांगितलं. तिला आजच मेल आलाय की तिने मोटार जिंकलीय. मी किंचाळले, "उत्तर दिलंस?"

"दिलं ना. म्हटलं मला गाडी चालवता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

७ मार्च, शुक्रवार

फजिती लिहून ठेवते, म्हणजे पुढे डोक्यात हवा जाणार नाही.

काल वाटलं, सगळ्या स्टाफला सावध करावं. बसले आणि सहाशे लोकांना मेल लिहिला. विषय: "अत्यंत तातडीचे! ताबडतोब उघडा!!!" आत ठळक लाल अक्षरांत: "आत्ताच वाचा, नाहीतर तुमचं खातं बंद पडू शकतं! खालच्या दुव्यावर क्लिक करून नियम बघा!" पाठवला आणि टाळ्या ऐकायला कान टवकारून बसले.

आज सकाळी पेटी उघडली. सर्वात वर, लाल खुणेसह, धोक्याची पातळी अतिउच्च: मी.

मशीनने माझा मेल सहाशे वेळा अडवला होता. हळूराव बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाले, "सोडू ... की ... अडवू?"

मी स्वतःच्या हाताने स्वतःला अडवलं. मग दोघंही इतके हसलो की पलीकडच्या क्ष-किरण विभागातली बाई काय झालं म्हणून बघायला आली.

१२ मार्च, बुधवार

हळूराव अधूनमधून स्टाफला मुद्दाम खोटे, सरावाचे मेल पाठवतात. कोण फसतं, ते कळावं म्हणून. परवाचा होता, "तुमची शिल्लक रजा वाया जाणार आहे, इथे क्लिक करा." सहाशेपैकी दोनशे चौदा जणांनी केलं. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा, कारण पहिल्यांदा काही उघडलं नाही!

मलाही येतात सरावाचे. तिन्ही पकडले. तिसरा तर अर्धी ओळ वाचून. कळवायचं बटण दाबलं की हळूरावांच्या पडद्यावर घंटी वाजते, आणि ते मान न वळवता "छान" म्हणतात. त्या एका "छान"वर माझी दुपार तरंगत जाते. या वयात शाळेसारखं पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटतं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

१४ मार्च, शुक्रवार

चौथाही पकडला! आणि हा सर्वात अवघड होता, म्हणून उतरवून ठेवते.

हळूरावांच्याच नावाने, त्यांच्याच पत्त्यावरून. "विषय: एक विनंती. आपण एकाच खोलीत बसतो, तरी लिहून विचारतोय, कारण बोलताना मला वेळ लागतो. तुम्ही आल्यापासून खोलीत उजेड वाढलाय. उद्या संध्याकाळी बागेत बँड वाजणार आहे. माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत. याल का? आज पाचपर्यंत कळवलंत तर बरं होईल."

काय कारागिरी! आधी ओळखीचा माणूस, म्हणजे आपण बेसावध. मग स्तुती. उजेड वाढलाय म्हणे. ट्यूबलाइट तर मंगळवारी बदलली. त्यानंतर आमिष, आणि शेवटी पाचची मुदत, म्हणजे घाई. घातक मेलची एकूण एक लक्षणं! मी बटण दाबलं. घंटी वाजली. या वेळी "छान" आलं नाही. मीच वळून म्हणाले, "पकडलं की नाही?"

ते म्हणाले, "हो. बरोबर ... पकडलंत." आणि सव्वाअकरालाच जेवायला गेले.

बहुतेक नाराज झाले. एवढा डोकं लावून मेल लिहिला आणि मी दोन मिनिटांत उडवला. पुढच्या वेळी थोडा वेळ लावीन, बिचाऱ्यांना बरं वाटेल.

१७ मार्च, सोमवार

बँड खरंच होता बागेत. हळूराव गेले होते. मी विचारलं, "कसा झाला?"

"बरा. शेजारची खुर्ची रिकामी होती. पिशवी ... ठेवता आली."

नशीबवान! आमच्या वाट्याला नेहमी पाय पसरणारे लोक येतात.

१९ मार्च, बुधवार

आज जे झालं ते जेवायच्या आधी लिहून टाकते. मी खरा चोर पकडला!

पेटीत एक मेल थांबवलेला. मशीनची खूण होती: नाव आतल्या माणसाचं, पत्ता बाहेरचा. म्हणजे कुणीतरी बाहेरून आमच्या माणसाचं सोंग घेतंय. आणि सोंग कुणाचं? हळूरावांचं! आणि मेल कुणाला? मला!

"ऑफिसच्या मेलवरून लिहिलं, ती माझी चूक झाली. म्हणून हा घरून. तुम्ही हसता तेव्हा मी टाइप करायचं थांबवतो, नीट ऐकू यावं म्हणून. एवढंच सांगायचं होतं. उत्तर दिलं नाहीत तरी उद्या मी तसाच नमस्कार करीन."

आमच्या खोलीत कोण टाइप करतं, कोण हसतं, सगळं त्याला ठाऊक! कुणीतरी पाळत ठेवून आहे. मी मेल अडवला, तो पत्ताच कायमचा बंद करून टाकला, आणि मेल छापून घेऊन धावत कँटीनमध्ये हळूरावांकडे गेले. सगळा मेल मोठ्याने वाचून दाखवला, हावभावांसकट.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला.

"लिहिणारा ... घातक वाटला तुम्हाला?"

"घातक? अहो, अट्टल! मुरलेला! असल्या माणसाने किती बायकांना असं लिहिलं असेल, देव जाणे."

"नाही हो," ते म्हणाले. "नसेल ... लिहिलं." मग थोड्या वेळाने, "पण अडवलंत ते नियमाला धरूनच आहे."

इतका भाबडा माणूस सुरक्षेच्या खात्यात कसा, कोण जाणे.

आईला सांगितलं. तिने मेल दोनदा वाचून घेतला.

"चांगला लिहिलाय."

"आई, चोरांचे मेल चांगलेच असतात."

"त्यांचं लग्न झालंय का गं?"

"चोराचं?"

"त्या हळूरावांचं."

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पलंग बराच वेळ हलत होता. तिला खोकला झालाय बहुतेक.

२६ मार्च, बुधवार

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आज क्रमाने लिहिते, काही न लपवता.

काल अकराच्या सुमारास हळूराव तळघरात मशीनच्या खोलीत गेले होते. मी एकटी. स्टोअरवाल्या काकांचा फोन आला. हॉस्पिटलचं सगळं सामान, औषधांपासून ऑक्सिजनच्या सिलिंडरपर्यंत, त्यांच्या ताब्यात. "अहो, सिलिंडरच्या कंपनीचं वेळापत्रक तुमच्या पेटीत अडकलंय. कंपनीचा माणूस फोनवर होता, सांगत होता पाठवलंय म्हणून. ऑक्सिजन आहे हा, लोणचं नाही. सोडा ताबडतोब!"

बघितलं. मेल होता. पत्ता बरोबर, पोस्ट बरोबर, आधीच्या खऱ्या पत्रव्यवहाराला दिलेलं उत्तर. मशीनची तक्रार एकच: जोडलेल्या फाइलला कुलूप आहे, बंद खोलीत उघडून बघता येत नाही. कुलपाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, मेलमध्येच लिहिलेला. अशा वेळी पाठवणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मगच सोडायचं. हा नियम मला पाठ होता. पण मी तीन आठवड्यांत तेराशे मेल बघितले होते, एक चूक नाही. मला वाटलं, आपल्याला आता दिसतं.

'सोडा' दाबलं. एकेचाळीस जणांना गेला.

मग चहा घेताना सहज परत वाचला. "आदरणीय महोदय, सोबतची फाइल त्वरित उघडावी."

महोदय?

त्या कंपनीत मेल लिहिते ती सिलिंडरताई. चौदा वर्षं फोनवर बोलतोय आम्ही, एकमेकींचं तोंड बघितलेलं नाही. तिचा मेल "सगळ्यांना सांगते" असा सुरू होतो आणि शेवटी सिलिंडरचा आकडा, अंकी आणि अक्षरी. कारण एकदा शून्य वाढून चाळीसचे चारशे आले होते आणि हॉस्पिटलच्या फाटकात ट्रकची रांग लागली होती. या मेलमध्ये आकडाच नव्हता.

तिचा नंबर बोटांना पाठ आहे. फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

"ऑपरेटरताई! अगं, मी आजी झाले!"

"अभिनंदन गं. तू आज मेल पाठवलास?"

"मेल? दहा दिवस रजेवर आहे मी. इथे दुपटी धुतेय. का गं?"

कुणीतरी तिच्या मेलमध्येच शिरलं होतं. म्हणून पत्ताही खरा होता आणि पोस्टही. काकांना फोन करणाराही त्यांच्यातलाच. आणि मशीनने तरीही ओळखून थांबवलेला तो मेल मी, माझ्या या हाताने, आत पाठवला होता.

तळघरात फोन लावला. कुणी उचलेना. चपला हातात घेतल्या आणि चार मजले धावत उतरले. मला बघून हळूराव उठले. मी म्हणाले, "मी सोडला. सिलिंडरचा. खोटा आहे. एकेचाळीस." त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. खुर्चीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका दमात बोलले, "परत खेचतो सगळे, तुम्ही बघा कुणी उघडलाय!"

पोचलेला मेलही लोकांच्या डब्यातून परत ओढून घेता येतो, हे मला तेव्हा कळलं. पडद्यावरची यादी भराभरा रिकामी होत गेली. अडतीस जणांनी बघितलाच नव्हता. तिघांनी उघडला होता. दोघांनी किल्लीपाशी कंटाळून सोडून दिला होता. राहिला एक.

"स्टोअर!" आम्ही दोघंही ओरडलो.

स्टोअर तळघरातच, पण दुसऱ्या टोकाला. त्या वेळी वरच्या मजल्यावर तीन ऑपरेशनं चालू होती, आणि तिथले पडदे, रक्तपेढीच्या याद्या, सगळं एकाच जाळ्यात. हे हळूराव धावताधावता सांगत होते आणि मी म्हणत होते, "बोलू नका, पळा!" हे मी त्यांना म्हणावं!

काका शांतपणे पडद्यासमोर बसले होते. "उघडतेय यादी. जरा वेळ घेतेय." पडद्यावर फायलींची नावं एकेक करून बदलत होती, भलभलती अक्षरं होत होती. मी टेबलाखाली घुसले आणि हाताला लागेल ती वायर उपटली. काकांचा पंखा बंद झाला. दुसरी उपटली, रेडिओ बंद. तिसरी उपटली आणि हळूराव वरून म्हणाले, "तीच. तीच होती. बस."

मी टेबलाखालीच बसून राहिले. डोक्यात जळमटं. हळूराव खाली वाकले आणि एवढंच म्हणाले, "बाहेर ... या. संपलं."

एका कॉम्प्युटरवर निभावलं. स्टोअरच्या फायलींची आदल्या दिवशीची प्रत होती, ती आज परत घातली. सिलिंडरताईच्या कंपनीलाही कळवून त्यांचं दार बंद करायला लावलं. वरच्या तीन पेशंटना काही कळलंही नाही. त्यातल्या एकीला मी संध्याकाळी काचेतून बघून आले. झोपली होती. पाय चादरीबाहेर. मला रडू आलं.

२७ मार्च, गुरुवार

हळूरावांनी अहवाल लिहिला. वाचला. "सदर मेल पेटीतून बाहेर पडला."

मी म्हणाले, "आपोआप पडला का? आंबा आहे का तो? लिहा, मी सोडला."

"गरज ... नाही."

"गरज आहे. नियम माहीत असून सोडला, असं लिहा." त्यांनी लिहिलं नाही, तेव्हा मी त्यांचा कीबोर्ड ओढून स्वतः लिहिलं. मग मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिले. काकाही आले होते, आपण होऊन. म्हणाले, "घाई मी केली, साहेब." मोठ्या डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं,

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग?"

"वाटलं, मला आता कळतं."

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ऑपरेशन टेबलावर आमच्या हातून सर्वात मोठ्या चुका याच वाक्याने होतात." आणि निकाल दिला. पुढचा पूर्ण आठवडा मी प्रत्येक वॉर्डात जायचं आणि माझी चूक माझ्या तोंडाने सांगायची, सहाशे जणांना. शिवाय आजपासून शंकेची कुठलीही गोष्ट दोघांनी मिळून बघितल्याशिवाय सोडायची नाही. आणि गेल्या महिनाभरात अडवलेलं सगळं दोघांनी पुन्हा तपासायचं, एखादा खरा मेल उगाच कुजत पडला असेल तर.

नोकरी राहिली! बाहेर आल्यावर मी हळूरावांचा हात धरून गदागदा हलवला. त्यांनी तो लगेच सोडवून घेतला नाही. बहुतेक अजून धक्क्यात असावेत.

२ एप्रिल, बुधवार

मला वाटलं होतं, शिक्षा आहे. छे! मी वॉर्डात शिरले की खुर्च्या ओढल्या जातात. पंखा आणि रेडिओपाशी आले की सगळे लोटपोट होतात, आणि तीन ऑपरेशनांपाशी आले की टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्या क्षणी सांगून टाकते: मशीनने थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्हाला कुणी घाई करायला लावली की तिथेच थांबा. फोन उचला. विचारा.

आज मेट्रनबाईंनी हात वर केला. "आणि प्रेमपत्र आलं तर हो? तेही अडवायचं का?"

सगळ्या नर्स खिदळल्या. जरा जास्तच खिदळल्या. मी म्हणाले, "खात्री नसेल तर पाठवणाऱ्याला समोर जाऊन विचारायचं." त्यावर तर एक जण चक्क टेबलावर कोसळली. इतकं विनोदी काय होतं त्यात?

४ एप्रिल, शुक्रवार

देवा. देवा, देवा, देवा.

आज दुपारी आम्ही अडवलेल्या मेलची फेरतपासणी करत होतो. एकाच पडद्यासमोर दोन खुर्च्या. मी वाचायचं, दोघांनी "बरोबर" म्हणायचं, पुढे. एकोणीस तारीख आली.

"हा तो पाळतवाला. बरोबर, अडवलेलाच राहू दे," मी म्हणाले.

हळूराव काहीच म्हणाले नाहीत.

"बरोबर ना?"

ते चष्मा पुसत होते.

"अहो, दोघांनी म्हणायचं असतं. याची शहानिशा मात्र आपण केलीच नव्हती. त्या पत्त्यामागे कोण आहे ते बघायला हवं होतं."

"शहानिशा ... झालीय."

"कुणी केली?"

"करायची गरज ... नव्हती. तो ..." इथे इतका वेळ गेला की पाण्याची टाकी भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. "तो मीच आहे."

मी म्हणाले, "म्हणजे सराव होता?"

"नाही."

"आणि बँडचा?"

"तोही नाही."

मी, तेवीस वर्षं या हॉस्पिटलचा आवाज, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी त्या बिचाऱ्याला अट्टल म्हटलं होतं. मुरलेला म्हटलं होतं. त्याचाच मेल त्यालाच हावभावांसकट वाचून दाखवला होता! पिशवी ठेवायला जागा मिळाली म्हणून नशीबवान ठरवलं होतं! आणि या माणसाने दुसऱ्या दिवशी तसाच नमस्कार केला होता, लिहिल्याप्रमाणे. मी चेहरा हातात लपवला, आणि मग मला हसू यायला लागलं, ते थांबेचना, आणि डोळ्यांतून पाणी. ते घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि अर्धं माझ्या साडीवर सांडलं.

"रागावलात?"

मी मान हलवली. नाही अशी.

"मग ... सोडू की अडवू?" त्यांनी विचारलं. त्यांचा हात बटणावर होता.

मी म्हणाले, "शंकेची गोष्ट दोघांनी बघितल्याशिवाय सोडायची नाही, असा नियम आहे. मी जरा घरी विचारते." आणि पर्स घेऊन, साडेतीन वाजता, कुणाला न सांगता, पळून आले.

आई भाजी निवडत होती. मी एका श्वासात सगळं सांगितलं. तिने मानही वर केली नाही.

"मी तर तो एकोणीस तारखेलाच सोडला होता," ती म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी त्यांना फोन केला. मेल नाही, फोन. मीच म्हणाले, "उद्या संध्याकाळी मी मोकळी आहे." पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, कट झाला. मग ते म्हणाले, "मी पाच वाजता ... नाही, साडेचार. चार वाजता येतो."

दिवसभर कपाट उपसलंय. निळी साडी काढली, ठेवली, हिरवी काढली. माझं वय सत्तेचाळीस आहे, हे आरशात बघून तीनदा स्वतःला बजावलं. आरशावर काही परिणाम झाला नाही, तो हसतच होता.

६ एप्रिल, रविवार

पावणेचार. ते खाली उभे आहेत. इस्त्रीचा शर्ट, पाठ घराकडे, समोरच्या दुकानाची पाटी वाचतायत. दहा मिनिटं झाली, एवढं काय लिहिलंय त्या पाटीवर!

आई खिडकीतून पडदा बाजूला करून बघतेय आणि मला सगळं तिथूनच सांगतेय. केस विंचरलेत. हातात काही नाही. नाही, आहे, छत्री आहे. ऊन आहे तरी छत्री.

(पुढचं रात्री, परत आल्यावर लिहितेय.) मी दारात पोचले तेव्हा तिने विचारलं, "परत किती वाजता येशील?"

रोज विचारते, आणि रोज मी सांगते. साडेसहा. पावणेसात. जास्तीत जास्त सात.

आज म्हणाले, "माहीत नाही गं, आई."

तिने कडी माझ्यासाठी उघडली, आणि म्हणाली, "बरं. मी जेवून घेईन."